त्रुटीसाहेबांचं वाळवंट

त्रुटीसाहेबांनी आयुष्यात एकही घर बांधलं नव्हतं. खरं सांगायचं तर, फारशी कुणाला बांधूही दिली नव्हती.

पालिकेच्या बांधकाम परवानगी खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि त्या काळात त्यांच्या टेबलावर आलेला एकही नकाशा पहिल्या फेरीत पुढे सरकला नाही. नकाशा उलगडायचा, कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायचा, कानामागची लाल पेन्सिल काढायची आणि कोपऱ्यात लिहायचं: 'त्रुटी'. त्याखाली यादी. जिन्याची पायरी उंच. न्हाणीघराला झरोका नाही. शेजारच्या भिंतीपासून अंतर अपुरं. साहेब लाच घेत नसत, इतकंच काय, ऑफिसात चहासुद्धा स्वतःच्या थर्मासमधला प्यायचे. त्यामुळे लोकांची फार पंचाईत व्हायची. खाणारा माणूस निदान ऐकून तरी घेतो. हे ऐकायचेच नाहीत. शिपायापासून बिल्डरापर्यंत सगळे त्यांना त्रुटीसाहेब म्हणायचे. हे आपल्याला ठाऊक नाही असं लोकांना वाटतं, अशी साहेबांची समजूत होती. लोकांना तसं अजिबात वाटत नव्हतं.

निवृत्तीच्या समारंभात सहकाऱ्यांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते मागे पडतंय, हे साहेबांनी आभाराच्या भाषणातच सांगून टाकलं.

तर अशा माणसाच्या घरात सून आली. सून डोळे तपासायचं काम करायची. दिवसभर लोकांना 'हे अक्षर दिसतंय का, आणि आता?' असं विचारायची. मुलगी मोठी हौशी. आल्या आल्या तिने बाहेरच्या खोलीत स्वतःच्या हाताने पुस्तकांची फळी ठोकली. साहेबांनी आतून पाणसळ आणली, फळीवर ठेवली आणि बुडबुडा उजवीकडे पळालाय हे तिला दाखवलं. त्यात वाईट हेतू मुळीच नव्हता. माहिती म्हणून दाखवलं. पण तेव्हापासून सून त्यांच्याशी, खिडकीवर अर्ज घेऊन उभं राहिल्यासारखं बोलायला लागली.

"बाबा, चहा ठेवू?"

"ठेव."

"बाबा, पेपर वाचून झाला?"

"झाला."

संपलं संभाषण. तीच सून सासूजवळ बसली की स्वयंपाकघरातून हसण्याचे नुसते धबधबे कोसळायचे. साहेब बाहेर शब्दकोड्यापुढे बसून कान टवकारायचे. मग पाण्याचं निमित्त करून आत जायचे, आणि ते आत गेले की हसणं थांबायचं. साहेब तहान नसताना पाणी पिऊन बाहेर यायचे. हे त्यांना लागायचं, चांगलंच लागायचं. पण तक्रार करणार कुणाकडे, आणि कशाबद्दल? 'घरात माझ्यासमोर हसत नाहीत' ही काही नोंदवण्यासारखी तक्रार नव्हे.

सुनेला एक छंद होता. एका मोठ्या टेबलावर बोटाच्या पेराएवढे सैनिक मांडायचे, फासे टाकायचे, पट्टीने अंतरं मोजायची आणि दिवसभर लढाई खेळायची. चांगली शिकलीसवरली माणसं हे करायची. फर्निचरच्या एका बंद पडलेल्या दुकानाच्या वर त्यांचा क्लब होता आणि दातांचे एक डॉक्टर त्याचे अध्यक्ष होते. वर्षातून एकदा दुसऱ्या गावचा क्लब लढायला यायचा. यंदाची लढाई वाळवंटातली ठरली होती, आणि टेबलावरचं वाळवंट, त्यातलं गाव, घरं, सगळं उभं करायचं काम पहिल्यांदाच सुनेकडे आलं होतं.

एका रविवारी जेवताना ती सासूला सांगत होती, "जो माझ्यासोबत करणार होता त्याची बदली झाली, आई. मला एकटीला जमायचं नाही. आणि डॉक्टर तर वाटच बघतायत. मी नाही म्हटलं की काम त्यांच्या मेहुण्याकडे. परत म्हणून कुणी मला विचारणार नाही."

"घरंच ना? मी बांधतो."

सगळ्यांनी मान वर केली. हे कोण बोललं ते साहेबांनाही क्षणभर कळलं नाही. आवाज त्यांचाच होता.

"अहो, तुम्ही?" त्यांची बायको म्हणाली. "तुम्ही बांधणार?"

मुलाला ठसका लागला. सून मात्र पटकन म्हणाली, "खरंच, बाबा? पण त्यात फार काही नाही हं. ओबडधोबड चालतं."

"ओबडधोबड?" साहेब म्हणाले. तिथेच सगळं अंगाशी येणार हे ठरून गेलं.

सुरुवात अर्थातच नकाशापासून झाली. साहेबांनी जुना ड्रॉइंग बोर्ड माळ्यावरून उतरवला आणि दोन दिवस खपून गावाचा नकाशा काढला. काय नकाशा होता! सरळ रस्ते, घरांभोवती चारी बाजूंनी मोकळी जागा, खोल्याखोल्यांना समोरासमोर खिडक्या. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता त्यांनी तो समोर धरला, आणि हात आपोआप कानामागे गेला. थोड्या वेळाने बायको कप न्यायला आली, तर नकाशावर लाल अक्षरांची रांग.

"हे काय? स्वतःच काढला आणि स्वतःच नापास केला?"

"मग? ओळखीचा माणूस म्हणून सोडून देऊ?"

नकाशा दुरुस्त झाला, पुन्हा परत गेला, पुन्हा दुरुस्त झाला. शेवटी बायकोने पेन्सिल काढून घेतली आणि कोपऱ्यात स्वतःच सही ठोकली. आयुष्यभर ज्या गोष्टीची साहेबांना धास्ती होती ती घरातच घडली: दबावाखाली मंजुरी.

बांधकाम सुरू झाल्याची बातमी वरच्या मजल्यावर पोचायला वेळ लागला नाही. वर मेजर राहायचे. मेजर म्हणजे तसे ते सैन्यात नव्हते. सैन्याला बूट पुरवणाऱ्या कारखान्यात होते. पण मिशी होती, आवाज होता, आणि लढाया पायांवर चालतात व पाय बुटांत असतात, तेव्हा युद्ध आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

"साहेब, वाळवंटात लढाई म्हणजे पाणी," मेजर नकाशावर बोट आपटत म्हणाले. "विहीर कुठाय तुमची?"

साहेबांनी विहीर घातली. मग लहान मुलं पडतील म्हणून तिला कठडा केला.

"आणि उंट?"

साहेबांनी उंटांसाठी वाहनतळ आखला. प्रत्येक उंटाला वळायला पुरेशी जागा सोडली.

घरं थर्माकोलची करायची होती. थर्माकोल ही वस्तू ज्याने शोधून काढली त्याला स्वतःच्या घरात ती कापायला लावलं पाहिजे. सुरी फिरली की करकर आवाज, ऐकणाऱ्याच्या दाढा दुखायला लागतात. आणि ते पांढरे दाणे! झाडून जात नाहीत, पुसून जात नाहीत. झाडूला चिकटतात आणि झाडूसोबत दुसऱ्या खोलीत फिरायला जातात. मुलगा ऑफिसात महत्त्वाच्या बैठकीला गेला तो कोटाच्या पाठीवर पांढरी रांगोळी घेऊन. 'बर्फ पडला का हो तुमच्याकडे?' असं त्याला त्याच्या वरिष्ठांनी विचारलं.  घरी येऊन त्याने नुसता कोट झटकला, आणि घर पुन्हा पहिल्यासारखं झालं.

मग वाळू. कोपऱ्यावर एका इमारतीचं काम चाललं होतं. वाळूचा हा ढीग रस्त्यापर्यंत आलेला. एक पिशवी वाळू कोण नाही म्हणेल, म्हणून साहेब पिशवी घेऊन गेले. तिथे खुर्चीवर बसलेला कॉन्ट्रॅक्टर त्यांना बघून हळूहळू उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो साहेबांना जरा जास्तच वाटला. जिन्याखालच्या एका खोलीवरून साहेबांनी या माणसाची फाइल इतक्यांदा परत पाठवली होती, की त्या खोलीत राहायला येणारं कुटुंब दुसरीकडे घर घेऊन म्हातारं झालं.

"वाळू? देऊ की, साहेब! तुम्हाला नाही द्यायची तर कुणाला?" कॉन्ट्रॅक्टर हात चोळत म्हणाला. "फक्त एक साधा अर्ज द्या. वाळू कशासाठी, किती, वापर निवासी की व्यापारी."

साहेबांनी अर्ज लिहिला. खोटं लिहायची सवय नव्हती, म्हणून वापरापुढे 'लष्करी' असं लिहिलं.

अर्ज परत आला. लष्करी वापराला संबंधित खात्याची ना हरकत जोडलेली नाही. जागेचा नकाशा सोबत नाही. साहेबांनी नकाशा जोडला, खुलासा जोडला आणि पुन्हा गेले, तर पहारेकरी म्हणाला, "कॉन्ट्रॅक्टर साइटवर गेलेत."

"पण ही साइटच आहे ना?"

"मला तेवढंच सांगायला सांगितलंय."

एक पाय मोडलेल्या खुर्चीवर तोल सांभाळत साहेब बसून राहिले. संताप तर येतच होता, पण खोटं कशाला बोला, मनात कुठेतरी कौतुकही वाटत होतं. काम पद्धतशीर चाललं होतं. शेवटी कॉन्ट्रॅक्टर आला, अर्ज उलटसुलट बघितला, आकाशाकडे बघितलं आणि म्हणाला, "साहेब, नियमात बसत नाही. पण तुमची तळमळ बघून देतो." आणि हे वाक्य बोलायला मिळालं म्हणून त्या माणसाने पिशवी स्वतः उचलून घरापर्यंत आणून दिली.

वाळू धुऊन गच्चीवर सुकत घातली. परिसरातल्या मांजरांची इतकी चांगली सोय आजवर कुणीच केली नव्हती. संध्याकाळपर्यंत आसपासची यच्चयावत मांजरं येऊन गेली आणि जाताना इतरांना सांगून गेली असावीत. इमारतीच्या अध्यक्षा तणतणत खाली आल्या.

"गच्चीवर मांजरांची व्यवस्था करताना परवानगी घेतली होती का?"

परवानगी! हा शब्द, आणि त्यांना! साहेबांचे कान लाल झाले. पण घेतली नव्हती ही गोष्ट खरी होती, त्यामुळे त्यांनी वाळू खाली आणून पुन्हा धुतली. या खेपेला ती घरातच कढईत भाजून सुकवली, आणि पीठ चाळायच्या चाळणीने चाळली. चाळणी त्यांनी नंतर स्वच्छ झटकली होती, असं ते अजूनही म्हणतात. त्या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाच्या दाताखाली वाळवंट आलं. बायकोने हात टेकले. "तुम्ही त्या नकाशांवर नाही म्हणत होता तेच बरं होतं," ती म्हणाली.

सून या सगळ्यात अतिशय सभ्यपणे वागत होती. संध्याकाळी कामावरून यायची, टेबलासमोर उभी राहायची, म्हणायची, "छान होतंय, बाबा." पण नजर गावावरून फिरताना मध्येच कुठेतरी अडकायची. एकदा तिने तोंड उघडलंसुद्धा.

"बाबा, रस्ता जरा रुंद झालाय का?"

"अग्निशामक गाडी वळली पाहिजे."

"वाळवंटात?"

"वाळवंटात आग लागत नाही?"

"लागते," सून म्हणाली आणि आत गेली. आत हसण्याचा आवाज आला नाही. सासूने काहीतरी विचारलं, त्यावर ती अगदी हळू आवाजात काही बोलली.

लढाई दोन दिवसांवर आली तेव्हा मेजर रंगाचा फवारा घेऊन उतरले. त्यांच्या स्कूटरला रंग देऊन उरलेला, मातकट पिवळा. "ब्रशने कुठे रंगवताय? एक फवारा, आणि काम फत्ते!" साहेब नको म्हणेपर्यंत त्यांनी गावातल्या सर्वांत मोठ्या इमारतीवर, गढीवर, फवारा मारलादेखील. आणि गढी बसायला लागली. थर्माकोल त्या रंगाने विरघळतो हे मेजरांना माहीत नव्हतं. बुटांत थर्माकोल नसतो. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत भिंती आत वळल्या, बुरूज वाकला, छत खड्ड्यात गेलं, खिडक्या मिटल्या.

"युद्धात असं होतं," मेजर म्हणाले आणि जिन्याने वर गेले.

त्याच वेळी सून कामावरून आली. तिने ती वाकडीतिकडी गढी दोन्ही हातांनी उचलली. "बाबा! हे कसलं भारी झालंय!"

सुनेच्या आवाजात साहेबांनी असं काही कधी ऐकलं नव्हतं. पण दुखावलेल्या माणसाला कौतुकसुद्धा टोचतं. ही आपली समजूत घालतेय, नाहीतर चेष्टा करतेय, असं त्यांना वाटलं. "धोकादायक इमारत आहे ती. पाडून टाकायची," असं म्हणून त्यांनी गढी केराच्या टोपलीत टाकली आणि रात्रीच्या जेवणाआधी नवी बांधून काढली. जुन्यापेक्षा जास्त खिडक्यांची.

लढाईचा दिवस आला. गाव खोक्यात घालून क्लबात नेलं, टेबलावर मांडलं. साहेबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, कानामागे पेन्सिल होती. लोक जमले आणि खरंच वा वा झाली. विहिरीच्या कठड्याचं कौतुक झालं. उंटांच्या वाहनतळापाशी तर थोडी गर्दी झाली. सुनेचा चेहरा मात्र उतरलेला. साहेबांना वाटलं, दडपण असेल.

पाहुण्या संघाची कप्तान म्हणजे भूगोल शिकवणाऱ्या बाई. चष्मा, हातात छडीऐवजी लाल ठिपका पाडणारी लहानशी बॅटरी. त्यांनी आपला पहिला सैनिक एका घरात न्यायला घेतला. सैनिक दारातून आत जाईना. सैनिकांच्या पायाखाली गोल चकती असते, बटणाएवढी, ती अडली. साहेबांनी दारं सैनिकांच्या खांद्यांच्या मापाने केली होती. चकती ही पॅकिंगचा भाग असावी, असं त्यांनी धरलं होतं.

"ठीक आहे, घराच्या मागे लपवू," बाई म्हणाल्या. "समोरच्याला दिसतो का बघू या." आणि त्यांनी बॅटरी लावली. या खेळात सगळं यावरच असतं, कोण कुणाला दिसतो. लाल ठिपका पहिल्या घराच्या खिडकीतून आत शिरला, समोरच्या खिडकीतून बाहेर पडला, रुंद रस्ता ओलांडून दुसऱ्या घरात गेला, त्यातूनही बाहेर आला, गढीच्या आरपार झाला, आणि सगळं गाव ओलांडून पलीकडे उभ्या असलेल्या दातांच्या डॉक्टरांच्या सदऱ्याच्या बटणावर जाऊन थांबला.

सगळे त्या बटणाकडे बघत राहिले.

"हवा खेळती राहावी म्हणून," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच बारीक वाटला.

"साहेब, हे गाव आहे की चाळणी?" डॉक्टर म्हणाले. "इथे पहिल्याच फेरीत सगळ्यांना सगळे दिसणार. लढाई दहा मिनिटांत आटोपेल!"

बाईंनी अगदी सौजन्याने सुचवलं, की त्यांच्या गाडीत त्यांच्या टेकड्या आहेत, त्या मांडता येतील. सौजन्यच ते, पण यजमानांच्या टेबलावर पाहुण्यांच्या टेकड्या म्हणजे क्लबाचं नाकच गेलं. डॉक्टर सुनेकडे वळले. "मी म्हणत होतो ना, मेहुण्याला द्या म्हणून?"

साहेबांना वाटलं, आता ती आपल्याकडे बोट दाखवणार. दाखवायलाच हवं होतं. त्यांनी स्वतः तेच केलं असतं, लाल पेन्सिलीने. पण सून ताठ उभी राहिली.

"चूक माझी आहे, डॉक्टर. मला सगळं दिसत होतं. मी बोलले नाही."

 साहेबांनी तिला दंडाला धरून खिडकीपाशी नेलं.

"दिसत होतं? मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यातूनच तिला हसू फुटायला लागलं होतं. "तुम्हाला त्रुटी? मी काढू?"

 लांब कुणीतरी कपबशा मांडत होतं. लोकांना आपण दारात उभं करून किती वर्षं काय काय ऐकवलं, आणि घरातल्या पोरीला आपल्याला एक वाक्य सांगायची हिंमत होऊ नये, याचं साहेबांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी कानामागची लाल पेन्सिल काढली आणि तिच्या हातात दिली.

"घे. आता सांग. सगळ्या सांग."

तिने पेन्सिलीकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. मग ती अशी सुरू झाली, की साहेबांना भिंतीला टेकावं लागलं. रस्ते रुंद. घरांमध्ये मोकळी जागा फार. खिडक्या जास्त, त्याही समोरासमोर. दारं अरुंद. छपरं पक्की चिकटवलेली, आत सैनिक ठेवायला उचलता येत नाहीत. कोपरे नाहीत, बोळ नाहीत, आडोसा नाही. "आणि बाबा, उंटांचा वाहनतळ! त्यात माझी अख्खी तुकडी मारली जाईल!"

"म्हणजे थोडक्यात," साहेब सावकाश म्हणाले, "गावात अतिक्रमण नाही, ही त्रुटी आहे."

"हो!"

साहेबांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. डॉक्टरांना म्हणाले, "पाहुण्यांचा चहा होईपर्यंत थांबा." आणि कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला.

"तुम्ही ती जिन्याखालची खोली केली होती, ती नेमकी कशी केली होती?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "साहेब, मी येऊ का?"

"नको. तोंडी सांगा."

"आधी एक पत्रा टाकायचा, साहेब. तात्पुरता म्हणून. मग पत्र्याला आडोसा. आडोशाला भिंत. आणि एकदा भिंत झाली की म्हणायचं, ही पहिल्यापासूनच होती."

साहेबांच्या अंगात आलं. बिस्किटांचे पुडे रिकामे झाले, काड्यापेट्या रिकाम्या झाल्या, चहाचे कागदी कप उभे आडवे कापले गेले. मोकळ्या जागांत टपऱ्या उभ्या राहिल्या, रस्त्यात ओटे आले, दोन घरांना जोडणारे चोरटे सज्जे निघाले. दारं सुरीने रुंद केली, छपरं उपटली. डॉक्टरांचा हातरुमाल मागून घेऊन त्याचं बाजारावर छत टाकलं. चहा घेता घेता पाहुणेही येऊन एकेक खोली वाढवून गेले. सून पेन्सिलीने जागा दाखवायची, साहेब बांधायचे.

"इथे एक बेकायदा खोली, बाबा."

"बांधतो."

"ही खिडकी बुजवा."

"बुजवली. हवेचं हवा बघून घेईल."

"आणि इथे मध्ये..." तिने आपल्या पिशवीतून एक वस्तू काढली. वितळलेली, वाकलेली, मिटल्या खिडक्यांची गढी. तिने ती केराच्या टोपलीतून उचलून जपून ठेवली होती.

साहेबांनी ती चारी बाजूंनी फिरवून बघितली. एक भिंत दुसरीला धरून उभी नव्हती. जिना कुठेच जात नव्हता. आयुष्यभराचे नियम त्यांच्या घशाशी आले आणि त्यांनी ते गिळले.

"मंजूर," साहेब म्हणाले.

लढाई संध्याकाळपर्यंत चालली. वाहनतळात उभ्या राहिलेल्या टपऱ्यांमागून सुनेच्या तुकडीने असा मारा केला, की भूगोलाच्या बाई टाळ्या वाजवायला लागल्या आणि मग आठवलं की मरणारे सैनिक आपलेच आहेत. शेवटी खेळात गढी बाईंनीच जिंकली. सुनेचा संघ थोडक्यात हरला. पण जाताना बाईंनी विचारलं, पुढच्या वर्षी आम्हाला असलं गाव कुणी बांधून देईल का? डॉक्टर मेहुण्याचं नाव घेणार तेवढ्यात सून म्हणाली, "आम्ही देऊ. मी आणि बाबा." डॉक्टरांचा रुमाल मात्र कायमचा बाजारात राहिला.

घरी आल्यावर सुनेने ती वितळलेली गढी बाहेरच्या खोलीतल्या फळीवर ठेवली. फळी डावीकडे कललेली, गढी उजवीकडे. दोघी मिळून बऱ्यापैकी सरळ दिसत होत्या. साहेबांनी पाणसळ आणली नाही. खुर्चीत बसून त्यांनी शब्दकोडं पुढ्यात घेतलं. स्वयंपाकघरातून आवाज यायला लागले. सून सासूला लाल ठिपक्याची गोष्ट सांगत होती, मध्येच 'हवा खेळती राहावी म्हणून' असं घोगऱ्या आवाजात म्हणून दाखवत होती, आणि सासू हसून हसून बेजार झाली होती. नक्कल बरी होती, आवाज जरा जास्त जाड काढत होती.

"बाबा!" आतून हाक आली. "आज चहा तुम्ही ठेवा हं! मी दमलेय!"

"ठेवतो," साहेब म्हणाले. ते उठले, सदऱ्यावरचे थर्माकोलचे दाणे झटकले आणि आत गेले.

हसणं थांबलं नाही.